खामच्या दोन तीरांवरील आरोग्य

छावणींतून शहरांत जावयाचें तर खाम नदी ओलांडावी लागते. पात्र एरवीं लहानसेंच. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं, आजच्या छत्रपति संभाजीनगरास औरंगाबाद म्हणत तेव्हां, ह्या पात्राच्या दोहों बाजूंस आरोग्याच्या दोन निरनिराळ्या रीति चालत असत.

छावणीची रीत भीतींतून जन्मली. हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननें 1863 सालीं दाखवून दिलें कीं, दर हजारीं सुमारें 69 शिपाई प्रतिवर्षीं मरत. आणि तेहि बहुतेक लढाईंत नव्हे, तर ताप, हगवण व पटकी ह्यांनीं. त्यानंतर ठिकठिकाणच्या छावण्यांत बराकींत अंतर ठेवणें, विहिरींवर देखरेख करणें, मैला हद्दीबाहेर नेऊन चरांत पुरणें, ह्यांस शिस्तीचें रूप आलें. औरंगाबादेस 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची फौज असे.

शहराची रीत ह्याहून पुष्कळ जुनी, आणि माझ्या मतें अधिक बुद्धीची. मलिक अंबरानें 1617 च्या सुमारास, गांवाचें नांव खडकी असतां, उत्तरेकडील डोंगरांच्या बाजूचें पाणी जमिनीखालच्या झांकलेल्या नहरीनें गांवांत आणिलें. पुढें आणखी नहरी झाल्या. त्यांच्या मनोऱ्यांचें कोडें वर्गांतच सुटतें. रबराची नळी वांकवून एका टोकांत पाणी ओता. दुसऱ्या टोकांत तें तितक्याच उंचीपर्यंत चढतें. त्याच न्यायानें पाणचक्कीच्या भिंतींत पाणी वर चढे आणि खालीं कोसळून चाक फिरवी. यंत्राविना, तेलाविना!

मग अशा पाण्यापासून भय कोणतें? भय नहरींत नाहीं, नहर जेथें उघडी पडते तेथें आहे. हौदांत शेंकडों हात, शेंकडों लोटे बुडतात. रॉबर्ट कॉखनें 1884 सालीं कलकत्त्यास पटकीचे जंतु पाहिले, ते एका तळ्याच्या पाण्यांतहि सांपडले. दुसरें भय सूक्ष्म आहे. नळ भरून वाहत असतां फटींतून पाणी बाहेर झिरपतें. तोच नळ रिकामा पडला कीं भोंवतालचें सांडपाणी त्याच फटींतून आंत शिरतें. ह्यास्तव गाळ न काढलेली, अर्धी कोरडी नहर ही भरलेल्या नहरीहून अधिक घातक होय.

छावणीकरांस वाटे कीं हें सारें पलीकडचें. परंतु दूधवाला, धोबी, चाकर ह्यांस नदी अडवीत नाहीं. डांसास तर मुळींच नाहीं; हिंवताप डांसांच्या द्वारें पसरतो ह्याचा उलगडा रोनाल्ड रॉसनें 1897 सालीं ह्याच निजामी राज्यांतील सिकंदराबादेस केला. प्लेग 1896 सालीं मुंबईच्या मांडवींत उघडकीस आला. तो उंदरांवरील पिसवांनीं पसरतो हें सिमाँनें 1898 सालीं कराचीस दाखविलें, तरी कित्येक वर्षें तें कोणास पटेना. मनमाडकडील आगगाडी 1900 सालीं औरंगाबादेस आली. धान्याच्या पोत्यांतून प्रवास करणाऱ्या उंदरास तिकिट लागत नाहीं.

आणि छावणीचा मैला जात असे कोठें? हद्दीबाहेर, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारीं. तो उचलणाऱ्या हातांस मात्र कोणत्याच तीरावर संरक्षण नव्हतें. त्या कामास मनाई करणारा कायदा 1993 सालीं झाला, आणि 2013 सालीं तो पुनः, अधिक कडक, करावा लागला.