बेसिकचे जुने प्रोग्राम टाकून देऊ नका. दुभाष्या फुकट मिळतो

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, १९९० च्या आसपास ज्यांनी दुकानात किंवा कारखान्यात कॉम्प्युटर घेतला, त्यांच्यापैकी काहींकडे उधारीचा, स्टॉकचा किंवा मजुरीचा एखादा छोटा प्रोग्राम अजून पडून असेल. तो बेसिक भाषेत लिहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. आमच्या कापडाच्या दुकानातही असा एक होता. ताग्याचे मीटर आणि दर टाकला की रक्कम निघे आणि गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी चढे. पुढे ते मशीन बंद पडले. नव्या मशीनवर प्रोग्राम चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "सेठ, हे सगळं टाकून द्या, नवीन विकत घ्या." पण त्यात कित्येक वर्षांची उधारी होती. आम्ही टाकले नाही, आणि पैसेही मोजले नाहीत. ते कसे, हे आज पाहू.

दुभाष्या म्हणजे कोण?

बेसिक ही भाषा १९६४ साली अमेरिकेच्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्यालाही कॉम्प्युटर वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. मशीनला बेसिक थेट समजत नाही. मध्ये इंटरप्रिटर, म्हणजे दुभाष्या लागतो. परमुलखातल्या व्यापाऱ्याशी सौदा करताना दुभाष्या एकेक वाक्य ऐकून लगेच सांगतो, तसाच हा एकेक ओळ वाचून मशीनकडून काम करून घेतो. कंपायलर मात्र सगळा करारनामा आधीच भाषांतर करून हाती देतो.

जुने दुभाषे म्हणजे जीडब्ल्यू-बेसिक आणि १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर आलेला क्यूबेसिक. हे दोन्ही १६ बिटांचे आहेत. ६४ बिटांचे विंडोज त्यांना उभेच करत नाही. म्हणजे आपला प्रोग्राम बिघडलेला नाही, फक्त दुभाष्या राहिलेला नाही.

फुकट काय मिळते?

१) पीसी-बेसिक : जीडब्ल्यू-बेसिकच्या प्रोग्रामसाठी हाच पहिला पाहावा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. जुनी फाइल ज्या रूपात सेव्ह केली असेल त्या रूपात वाचतो.

२) क्यूबी६४ : क्यूबेसिकच्या प्रोग्रामसाठी. हा खरे तर कंपायलर आहे. त्याला प्रोग्राम साध्या अक्षरांत लागतो. म्हणून जीडब्ल्यू-बेसिकची फाइल आधी पीसी-बेसिकमध्ये उघडावी आणि सेव्ह करताना नावापुढे स्वल्पविराम देऊन 'ए' लिहावे.

३) डॉसबॉक्स : हा नव्या मशीनवर जुन्या डॉसचे वातावरण उभे करतो. त्यात बेसिक नसते, ते आपल्याजवळचे आणावे लागते.

मायक्रोसॉफ्टने २०२० साली जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ सोर्स कोड खुला केला. पण तो कच्चा माल आहे, तयार कपडा नव्हे. दुकानदाराने त्याच्या मागे लागू नये.

आधी नक्कल, मग काम

फ्लॉपीवरून प्रोग्राम आणि डेटा दोन्ही नव्या मशीनवर उतरवा, दोन नकला करा आणि काम नकलेवरच करा. एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीडब्ल्यू-बेसिक रँडम फाइलमध्ये दशांशाचे आकडे ज्या पद्धतीने साठवतो, क्यूबेसिकची पद्धत त्याहून वेगळी आहे. तीच फाइल क्यूबेसिकमध्ये नुसती उघडली, तर नावे बरोबर येतील पण रकमा भलत्याच दिसतील. पीसी-बेसिक जुनीच पद्धत पाळतो.

आकड्यांची खबरदारी

दुभाष्या इमानदार असतो. प्रोग्रामात चूक असेल तर तीही जशीच्या तशी सांगतो. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये वेगळे सांगितले नाही तर संख्या ७ अंकांपुरतीच धरली जाते. बेरीज १२,३४,५६७.७५ रुपये झाली, तर छापून येते १२३४५६८. पैसे गेले आणि रुपयाही बदलला. जोवर धंदा लहान होता, तोवर हे कोणाच्या नजरेत आले नाही. आमच्याकडेही वर्षाच्या बेरजेत मेळ बसेना, तेव्हा आधी मुनीमजींवर संशय गेला. नंतर कळले की चूक प्रोग्रामची होती. याबद्दल त्यांची माफी मागावी लागली.

इलाज सोपा आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'डेफडीबीएल ए-झेड' ही ओळ घालावी, म्हणजे १६ अंकांपर्यंतचा हिशेब चालतो. फाइलमध्ये आधीच गोल होऊन बसलेली रक्कम मात्र याने सुधारत नाही. ती कागदी खतावणीवरूनच दुरुस्त करावी. तसेच ज्या नावापुढे टक्क्याचे चिन्ह असते, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि प्रोग्राम 'ओव्हरफ्लो' म्हणून थांबतो.

शेवटी, जुनी दहा बिले घ्या, कागदावर हिशेब करा आणि प्रोग्रामशी ताळा करा. दहाही जुळली तरच भरवसा ठेवा. आणखी एक: हे प्रोग्राम जीएसटी येण्यापूर्वीचे, म्हणजे २०१७ च्या आधीचे आहेत. त्यावर आजची बिले काढू नका. जुनी येणी-देणी पाहायला आणि घरच्या मुलांना हिशेबाचा प्रोग्राम कसा बांधतात हे शिकवायला मात्र ते आजही उपयोगी आहेत.