तंबाखू-संशोधनातील काही संज्ञा आणि आपली घरे

कोणत्याही शास्त्राचा अभ्यास त्यातील संज्ञांपासून सुरू होतो. संज्ञेचा अर्थ नीट ठाऊक नसेल, तर आकडे वाचूनही हाती काही लागत नाही. तंबाखूच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे. 'धूम्रपान' हा शब्द आपण तंबाखूच्या सर्वच सवयींसाठी सर्रास वापरतो आणि भिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी लागली की काम झाले असे मानतो. परंतु ज्या गावांतून आणि वस्त्यांतून आमच्या शाळेत मुले येतात, तेथे तंबाखूचा धूर त्या मानाने थोडा. तेथे आजीच्या बोटावर मिश्री असते, वडिलांच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असते आणि पानठेल्यावर खर्रा घोटला जात असतो. प्रस्तुत लेखात आम्ही तंबाखू-संशोधनातील काही मूलभूत संज्ञांचा परिचय करून देत आहोत. तो करून देताना प्रत्येक संज्ञा आपल्या घराला कितपत लागू पडते, हेही पाहण्याचा विचार आहे.

पहिली संज्ञा 'प्रचलन'. लोकसंख्येच्या शंभर व्यक्तींपैकी किती जण एखादी गोष्ट करतात, त्या प्रमाणाला प्रचलन म्हणतात. भारतात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे घरोघरी जाऊन जे मोठे सर्वेक्षण झाले, ते 'जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण' या नावाने ओळखले जाते. त्याची पहिली फेरी २००९-१० मध्ये, तर दुसरी २०१६-१७ मध्ये झाली. देशातील तंबाखूसेवनाचे प्रचलन या काळात ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट. आता महाराष्ट्राचे दुसऱ्या फेरीतले आकडे पाहावेत. एकूण तंबाखूसेवन २६.६ टक्के, त्यात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. या दोन गटांची बेरीज २८.२ होते, म्हणजे एकूण आकड्यापेक्षा सुमारे दीड टक्का अधिक. हा फरक म्हणजे दोन्ही प्रकार करणारे लोक. त्यांच्या सवयीला 'दुहेरी वापर' म्हणतात. पण खरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्रात एखाद्याने फक्त 'तुम्ही धूम्रपान करता का?' एवढाच प्रश्न विचारला, तर तंबाखू वापरणाऱ्या दर सात माणसांपैकी सहा जण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील. म्हणूनच या सर्वेक्षणात धुराची व बिनधुराची तंबाखू स्वतंत्रपणे विचारली जाते. आमचे जे माजी विद्यार्थी आज आरोग्यसेवक, शिक्षक किंवा आशा कार्यकर्त्या म्हणून गावात माहिती गोळा करतात, त्यांनी प्रश्नाची ही रचना अवश्य उचलावी. 'तंबाखू खाता का?' असे विचारल्यावर मिश्री लावणारी बाईही नकारच देते, कारण तिच्या लेखी मिश्री ही दात घासण्याची वस्तू आहे.

'धूररहित तंबाखू' या संज्ञेने एक गैरसमज निर्माण होतो. धूर नाही म्हणजे त्रास कमी, असे वाटू लागते. तंबाखूच्या पानात, ते सुकवताना व मुरवताना, नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. ती अंगात जाण्यासाठी पान जाळावे लागत नाही. ओठाखाली धरले तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था धूररहित तंबाखूला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात ठेवते. सुपारीलाही त्याच वर्गात स्थान आहे, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलासुद्धा. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे, असे आम्हांला वाटते. खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी व चुना तिन्ही एकत्र घोटलेले असतात, आणि मुलाने 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' असे सांगितले की घरातले निश्चिंत होतात.

सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली ताठ तंतू साठू लागतात. तिखट सोसत नाही, तोंड कोरडे पडते, अस्तर पांढरट दिसते आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होत जाते. या विकाराला 'मुखाची तंतुमयता' म्हणतात. ती 'कर्करोगपूर्व अवस्था' आहे. या संज्ञेचा अर्थ कर्करोग झालाच असा नाही आणि होणारच असाही नाही. मात्र अशा तोंडात तो होण्याची शक्यता निरोगी तोंडापेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि ताठ झालेले अस्तर सहसा पूर्ववत होत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी पाहणी आहे. मुलाला स्वतःचीच तर्जनी, मधले बोट व अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगावे. तीन बोटे जात नसतील, तर रागावण्यात वेळ न दवडता दंतवैद्याकडे न्यावे.

तंबाखूने कर्करोग 'होतो' असे आपण सहज म्हणतो. ते सिद्ध कसे झाले, हा भाग मात्र शाळेच्या पुस्तकांत थोडक्यात उरकला जातो. माणसांना मुद्दाम तंबाखू देऊन प्रयोग करता येत नाही. म्हणून संशोधकांनी दोन मार्ग काढले. पहिला 'रुग्ण-तुलना अभ्यास'. आजार झालेले लोक घ्यायचे, त्यांच्याच वयाचे व परिस्थितीचे पण तो आजार नसलेले लोक घ्यायचे, आणि दोन्ही गटांच्या मागील सवयी ताडून पाहायच्या. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण घेऊन असाच अभ्यास केला आणि सिगारेटशी असलेले नाते उघड झाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संघवी, राव आणि खानोलकर यांनी त्याच पद्धतीने तोंड व घशाच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चघळण्याची तंबाखू आणि बिडी यांचा विचार होता. सिगारेटचे संशोधन विलायतेत झाले आणि आपण ते वाचले, एवढाच हा इतिहास नाही. आपल्या तंबाखूचा शोध आपल्याच राज्यातील रुग्णालयात लागला, हे मुलांना सांगायला हवे.

दुसरा मार्ग 'पाठपुरावा अभ्यास'. येथे निरोगी माणसांची नोंद आधी करतात आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचे काय होते ते पाहतात. मुंबईत १९९१ पासून मतदारयादीच्या आधारे ३५ वर्षांवरील सुमारे दीड लाख लोकांची अशी नोंद झाली. त्यातून 'सापेक्ष धोका' काढला गेला. तंबाखूला कधीच न शिवणाऱ्या पुरुषाच्या मृत्यूचा धोका १ धरला, तर सिगारेट ओढणाऱ्याचा १.३७ आणि बिडी ओढणाऱ्याचा १.६४ आढळला. बिडीत तंबाखू थोडी, वरचे पानही रानातले, म्हणून बिडी सौम्य, असे मानणाऱ्यांना हा आकडा दाखवावा. तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जोराने व पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड त्या प्रमाणात छातीत उतरतात.

झुरका न घेणाऱ्याच्या छातीत धूर जातो, त्याला 'परोक्ष धूम्रपान' म्हणतात. जपानमध्ये हिरायामा यांनी १९८१ साली धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती सिगारेट ओढत, त्या स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक होते. एका खोलीच्या घरात याहून निराळे काही घडत असेल, असे मानण्याचे कारण नाही.

आता ज्या संज्ञेवर आमच्या मते सर्वाधिक विचार व्हावा, ती म्हणजे 'अवलंबित्व'. आपल्याकडे 'नशा' आणि 'व्यसन' हे शब्द एकाच अर्थाने चालतात. दारूने तोल जातो, वाणी बदलते, घरात भांडण होते. म्हणून दारू आपल्याला दिसते. निकोटीनने तोल जात नाही. तंबाखू खाऊन माणूस शेतात राबतो, सभेत भाषण करतो, विहारात वंदनेलाही बसतो. पाचव्या शीलाचा विषय निघाला की काही उपासक सांगतात, तंबाखूने भान जात नाही, तेव्हा ती त्यात येत नाही. तंबाखू ही वनस्पती मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती भारतात पोहोचली, तेव्हा प्राचीन ग्रंथांत तिचे नाव शोधणेच व्यर्थ आहे. भान जाणे ही अवलंबित्वाची कसोटी नव्हे. न मिळाल्यास काय होते, ही खरी कसोटी. झुरक्यातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. सवय जडल्यावर ते मिळाले नाही, तर चिडचिड, अस्वस्थता, झोप बिघडणे, लक्ष न लागणे ही 'विरहलक्षणे' दिसू लागतात. स्वीडनचे कार्ल फागरस्ट्रॉम यांनी अवलंबित्व मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या आजच्या रूपातील एक कळीचा प्रश्न असा आहे : सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली सिगारेट पेटवता? पाच मिनिटांच्या आत, हे उत्तर सर्वांत गंभीर समजले जाते. मिश्री लावणाऱ्या आपल्या माउलींना हा प्रश्न लावून पाहावा. अंथरुणातून उठल्यावर चुलीपाशी जाण्याआधीच बोट मिश्रीच्या डबीत जाते, आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. तोंड धुणे म्हणतात.

येथे एक अवघड विषय टाळून चालणार नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे बिडीच्या धंद्यावर जगली. बाबू हरदास एल. एन. यांचे नाव आपण 'जय भीम' या अभिवादनासाठी घेतो. पण कामठीच्या या तरुण नेत्याने बिडी कामगारांना संघटित केले आणि ठेकेदारांच्या जाचातून सुटण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडीचे काम सुरू केले, हेही तितकेच स्मरणात राहावे. १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ मध्ये, ऐन पस्तिशीत, निवर्तले. पुढे १९६६ साली बिडी कामगारांच्या सेवाशर्तींचा आणि १९७६ साली त्यांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. आज पन्नाशीत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या वह्या-पुस्तकांमागे आईच्या मांडीवरचे सूप आणि हजार बिड्यांची मजुरी आहे. त्या मातांना कोणी तंबाखूचे व्यापारी म्हणू नये. संशोधनाच्या भाषेत त्या 'व्यावसायिक संपर्का'ने बाधित झालेल्या आहेत : बिडी न ओढताही तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे त्यांच्या श्वासात गेली. २००५ पासून अंमलात असलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारात १७ वा अनुच्छेद तंबाखू कामगार, शेतकरी व छोटे विक्रेते यांना पर्यायी उपजीविका देण्यासंबंधी आहे. भारताने या करारास २००४ मध्ये मान्यता दिली. चित्ररूप इशाऱ्यांवर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली; या अनुच्छेदावर तितकी झाली नाही, आणि ती बिडी कामगारांच्या लेकरांनीच करायला हवी.

कायद्याविषयी थोडक्यात. २००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आतही विक्री करता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'जा, बंडल घेऊन ये' म्हणून मुलाला ठेल्यावर पिटाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जाणून असावे. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८.५ टक्के मुले तंबाखू वापरणारी आढळली. त्याहून बोलका आकडा प्रारंभाच्या वयाचा : धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच तोंडात घातली होती. वसतिगृहात पाचवीत दाखल होणारे मूल हे त्याच वयाचे असते.

सोडण्याच्या संदर्भात दोन संज्ञांतील भेद कामाचा आहे. तंबाखू सोडलेल्या माणसाने एखाद्या लग्नात किंवा दुखवट्यात एकदा चिमूट घेतली, तर ती 'घसरण'. पुन्हा रोजची सवय सुरू झाली, तर ती 'पुनरावृत्ती'. घसरणीनंतर घरच्यांनी 'तुझ्याने होणार नाही' असे म्हटले की तिची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागत नाही. विरहलक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि पुढील काही आठवड्यांत ओसरतात. एवढे ठाऊक असले तरी घरचे थोडे सबुरीने घेतात. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यात (त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला) साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यास सुमारे तीन वर्षांचे, पन्नाशीत सोडणाऱ्यास सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यास दहा वर्षांचे आयुष्य परत मिळाल्याचे दिसले. ते सिगारेट ओढणारे विलायती पुरुष होते, तेव्हा हे आकडे मिश्रीला जसेच्या तसे लावू नयेत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असून तो तंबाखूच्या वेष्टनावरच छापलेला असतो. खर्रा मात्र कोऱ्या पन्नीत मिळतो, म्हणून तो येथे मुद्दाम दिला आहे.