सून, आई, बाई… आणि मी?

प्रश्न : मी ६१ वर्षांची, खोताच्या वाडीत राहते. शाळेतून निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, मुलगा पुण्याला. आता मी नेमकी कोण, हेच कळेनासं झालंय.

उत्तर : ताई, तिन्ही भूमिका तुम्ही मनापासून निभावल्यात; त्यानंतर पोकळी वाटणारच. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये एक साधी चाचणी मांडली : ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायची. सुरुवातीला बहुधा नाती आणि हुद्दे येतात. मग पेन अडतं. तिथे उठू नका. ‘मला नकाशे बघत बसायला आवडतं’, ‘मला खोटी स्तुती करवत नाही’ अशी उत्तरं त्या अडण्यानंतरच सुचतात, आणि मला तीच मोलाची वाटतात.

जवळच्याच कांदेवाडीत वाढलेल्या दुर्गा खोटे दोन मुलांच्या आई असतानाच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात तारामती झाल्या. नव्या ओळखीसाठी त्यांना आईपण सोडावं लागलं नाही.

यादीतली एकच गोष्ट निवडा, मुलाला न विचारता. ती नाटक निघाली, तर केळेवाडीतलं साहित्य संघाचं नाट्यगृह पायी जाण्याइतकं जवळ आहे. मात्र झोप-भूक उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात लगेच दाखवा.