मन घट्ट केलं, तरी उठवत नाही

रोवणी सुरू झाली की दवाखान्यातली गर्दी ओसरते. ताप अंगावर काढून माणसं बांधीत उतरतात. म्हणून त्या दिवसांत कुणी नवरा कामधाम सोडून बायकोला घेऊन आला, की मी आधी खुर्ची पुढे करतो. या बाईंची तक्रार डोकेदुखीची. पुजाऱ्याकडे जाऊन आल्या होत्या, सलाईनही लावून झाली होती. भूक नाही, पहाटे तीनला जाग. नवरा म्हणाला, "दरसाल सगळ्यांच्या पुढे रोवते जी. औंदा धुऱ्यावर बसून राहते. किती सांगितलं, मन घट्ट कर." बाई खाली बघत म्हणाल्या, "करतो जी, पण उठवतच नाही."

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, कशातच जीव रमत नाही, झोप-भूक बिघडलेली, 'माझा घरच्यांना भार' असे विचार, याला आम्ही नैराश्य म्हणतो. आपल्याकडे ते डोकं, छाती, पाठ धरून येतं. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो, म्हणून ते आधी तपासायचं. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलही विसरून चालत नाही.

'मन घट्ट कर' हे प्रेमापोटीच म्हटलं जातं. पण टीबी झालेल्याला आपण 'हिंमत धर, खोकू नको' असं सांगतो का? गंमत बघा, नैराश्यावरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक टीबीच्या वॉर्डातच हाती लागलं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देत होते, तर मलूल पडलेली माणसं हसू-बोलू लागली. आज ते वापरात नाही. त्याहून सुरक्षित गोळ्या आल्या आहेत.

हिंमत लागते ती या गोळ्यांसाठी. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, डोकं जड वाटतं, आणि गुण मात्र दिसत नाही. तो यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बहुतेक जण नेमकी इथेच गोळी सोडतात. दुसरे सोडतात ते बरं वाटल्यावर. बरं वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालवायचं आणि मग डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायचं. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, चिडचिड होते.

मोहाची दारू पिऊन झोप येते म्हणणारे पुष्कळ भेटतात. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी भेटतात. दारूने नैराश्य वाढतं आणि गोळीसोबत ती घातक ठरते.

घरच्यांनी रोज थोडं चालायला सोबत न्यावं, धुऱ्यापर्यंत का होईना. त्या बाई पाचव्या आठवड्यात एक पेंढी रोवून आल्या. मी तेवढ्यावर खूश होतो, नवरा नव्हता.

'जगून काय करू' असं कुणी बोललं तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा. विशीतल्या मुलांवर गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि येताना आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, रिकामीसुद्धा.