सैनिक, उद्योजक, उमेदवार : एक अभ्यास

सबमिशनं संपली त्या रात्री आमच्या मजल्यावर 'सरफिरा' लावला होता. २०२४ चा अक्षयकुमारचा सिनेमा. वीर म्हात्रे नावाचा मराठी गडी, सैन्यातली नोकरी सोडलेला, गरिबाला विमानात बसवायच्या वेडानं झपाटलेला. सिनेमा संपल्यावर सगळे सात रस्त्याला चहाच्या गाडीवर गेलो. तिथं एक जण म्हणाला, "असला माणूस निवडणुकीला उभा राहिला ना, तर झोपून निवडून येईल." मी म्हटलं, "अरे, खरा माणूस उभा राहिला होता. एकदा विधानसभेला, एकदा लोकसभेला. दोन्ही वेळा पडला."

कुणाचा विश्वास बसेना. चर्चा पार रात्रीपर्यंत चालली आणि त्यातूनच हा लेख झाला.

१) विजापूरचा विद्यार्थी

सिनेमातला वीर म्हात्रे मराठी असला, तरी मूळचा माणूस कन्नड आहे. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ, जन्म १९५१, गाव गोरूर, जिल्हा हासन. पण आपला आणि त्यांचा एक धागा आहे. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलं, की साधारण शंभर किलोमीटरवर विजापूर. तिथल्या सैनिक स्कूलमध्ये ते शिकले. पुढं खडकवासल्याची एनडीए, मग लष्कर. सिनेमात नायक हवाई दलातला दाखवलाय. गोपीनाथ मात्र भूदलात होते. १९७१ च्या युद्धात त्यांनी भाग घेतला आणि सुमारे आठ वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला. हातात पैसा जवळजवळ नव्हताच.

घरची जमीन हेमावती धरणात गेली होती. बदल्यात मिळालेल्या माळरानावर ते तंबू ठोकून राहिले. नारळ लावले, रेशीम केलं, मोटारसायकलची एजन्सी चालवली, हॉटेल काढलं. पर्यावरणाला धरून केलेल्या रेशीमशेतीसाठी १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये डेक्कन एव्हिएशन ही हेलिकॉप्टर कंपनी आणि २००३ मध्ये एअर डेक्कन. फुकटचं जेवण बंद, छोट्या शहरांत छोटी एटीआर विमानं, तिकीट स्वस्त. विमान म्हणजे साहेबलोकांचं वाहन, ही समजूत त्या कंपनीनं मोडली. २००७ मध्ये ती विजय मल्ल्यांच्या ताब्यात गेली.

आता सिनेमात नसलेला भाग. १९९४ मध्ये गोपीनाथ कर्नाटकातल्या गंडसी मतदारसंघातून भाजपतर्फे विधानसभेला उभे होते. पडले. २००९ मध्ये दक्षिण बंगळूरमधून लोकसभेला अपक्ष उभे राहिले. तोपर्यंत देशभर नाव झालेलं, मतदारसंघ शिकलेल्या लोकांचा. निकाल काय? भाजपचे अनंत कुमार पहिले, काँग्रेसचे कृष्ण बैरेगौडा दुसरे आणि आपल्या कॅप्टनसाहेबांची अनामत जप्त. २०१४ मध्ये ते आम आदमी पक्षात गेले आणि त्याच वर्षी बाहेर पडले.

२) चुकतं कुठं?

"लोकांना चांगली माणसं नकोच असतात," असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. माझ्या मते घोळ गणिताचा आहे.

लष्करात हुकूम चालतो. खांद्यावरचा हुद्दा बघून समोरचा ऐकतो. धंद्यात हुकूम चालत नाही, पण तिथला आलेख सरळ रेषेचा असतो. शंभर प्रवाशांतले वीस तुमच्याकडं आले तर वीस जणांचं तिकीट गल्ल्यात पडतं. उरलेले ऐंशी दुसऱ्या कंपनीकडं गेले म्हणून तुमचं विमान जप्त होत नाही. उलट शंभरात वीस गिऱ्हाईक म्हणजे उत्तम धंदा.

निवडणुकीत तेच वीस टक्के म्हणजे शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर हे स्टेप फंक्शन आहे. एका पातळीपर्यंत आउटपुट शून्य, ती ओलांडली की एकदम एक. मधलं काही नाही. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली, म्हणजे सुमारे १६.६७ टक्क्यांच्या वर गेलात, तर फक्त अनामत परत मिळते. खुर्ची नाही.

आणि मतदार हे जाणतो. "माणूस चांगला आहे, पण निवडून येणार नाही, मत कशाला वाया घालवा?" हे वाक्य प्रत्येकानं घरी ऐकलं असेल. विमानाचं तिकीट काढताना असा विचार कुणी करत नाही.

आता कामाचा हिशोब करू. समजा, मतदारसंघात १८ लाख मतदार आणि बूथमागं हजार. झाले १,८०० बूथ. प्रत्येक बूथवर एक पोलिंग एजंट आणि त्याला सोडवायला दुसरा, म्हणजे ३,६०० माणसं, तीही एकाच दिवशी, सकाळपासून मशीन सील होईपर्यंत. अर्ज माघारीनंतर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. एवढ्यात ही फौज कोण उभी करणार? कॅप्टनच्या हुकमानं ती उभी राहत नाही आणि पगारावर आणली तर टिकत नाही.

३) पुण्याचा वैमानिक

याच खडकवासल्यातून निघालेला दुसरा माणूस म्हणजे सुरेश कलमाडी. १९६४ मध्ये हवाई दलात दाखल, १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांच्या वेळी वैमानिक. बाहेर पडल्यावर त्यांनी पुण्यात डेक्कनवर पूना कॉफी हाउस चालवलं. इथपर्यंत गोष्ट तीच: सैनिक, मग उद्योजक. फरक पुढं आहे. कलमाडी १९७७ च्या सुमारास युवक काँग्रेसमध्ये शिरले, १९८२ मध्ये राज्यसभेवर गेले आणि पुण्यातून लोकसभेत पोचले ते १९९६ मध्ये. मधल्या काळात पुणे मॅरेथॉन आणि पुणे फेस्टिव्हल सुरू केले, शहरभर माणसं जोडली. जवळपास वीस वर्षांची पेरणी.

खरा धडा १९९८ चा आहे. त्या वर्षी ते काँग्रेसबाहेर पडून भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपेंकडून हरले. हवाई दल तेच, कॉफी हाउस तेच, माणूस तोच. बूथवरची जुनी फळी तेवढी मागं राहिली. काँग्रेसमध्ये परत आल्यावर २००४ आणि २००९ मध्ये तेच निवडून आले.

पण जिंकलं म्हणजे पास झालं असंही नाही. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांच्या कंत्राटांवरून २०११ मध्ये त्यांना अटक झाली, २०१२ मध्ये जामीन मिळाला. स्पर्धांशी संबंधित मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ईडीचा क्लोजर रिपोर्ट दिल्लीच्या न्यायालयानं २०२५ मध्ये स्वीकारला. पण तोपर्यंत राजकीय आयुष्य संपून गेलं होतं. स्वतःच्या धंद्यात मालकाला झटपट निर्णय घेता येतो. सार्वजनिक पैशात प्रत्येक सहीचा हिशोब द्यावा लागतो.

४) नियम काय सांगतात?

ज्यांच्या डोक्यात पुढं-मागं हा विचार आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात:

• नोकरीत असलेल्या सैनिकाला निवडणूक लढवता येत नाही. आधी सेवेतून बाहेर पडावं लागतं.
• सरकारला माल पुरवायचं किंवा सरकारी काम करायचं कंत्राट स्वतःच्या धंद्यासाठी चालू असेल, तर त्या सरकारच्या सभागृहासाठी उमेदवार अपात्र ठरू शकतो. आपल्यातल्या होऊ घातलेल्या सिव्हिल काँट्रॅक्टरांनी नोंद घ्यावी.
• वयाची अट: महापालिकेला २१, विधानसभा-लोकसभेला २५.
• अनामत: लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी.
• मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात.
• मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. ते कुणालाही वाचता येतं.

५) आपल्यापुरतं

गोपीनाथांची हार मला वाया गेलेली वाटत नाही. विमानाच्या आधी त्यांनी माळरानावर कित्येक वर्षं काढली होती. राजकारणाच्या माळरानाला मात्र त्यांनी तेवढी वर्षं दिली नाहीत, एवढंच. चांगल्या माणसानं निवडणुकीत उतरावं असं वाटत असेल, तर त्याच्या बूथवर दिवसभर बसणारी माणसंही चांगलीच लागतात. तिथं आपण कमी पडतो. मतदानाची सुट्टी जोडून गावाला पळणारे आपणच असतो आणि तिथं गेल्यावर यादीत नाव नाही म्हणून परत येणारेही आपणच.

अठरा पूर्ण झालेल्या हॉस्टेलवाल्याला घरच्या किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, कुठल्याही एकाच ठिकाणी, नाव नोंदवता येतं. फॉर्म ६ भरायचा आणि कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं. दुसरं म्हणजे बूथनिहाय निकालाचा तक्ता, ज्याला फॉर्म २० म्हणतात, तो सगळ्यांसाठी खुला असतो. सोलापूर शहरातल्या मतदारसंघांचे तक्ते एक्सेलमध्ये घेऊन कुठल्या बूथवर मतदान किती पडतं आणि कुठं सतत कमी पडतं, याचा मिनी प्रोजेक्ट करायचा मनात आहे. मेकॅनिकलचे दोघं तयार झालेत. कॉम्प्युटरवाला एक तरी हवा. सात रस्त्याचा चहा आमच्याकडून.