देवळामागचा वीरगळ

चि. ऋता हिस,


तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. देवळामागे शेंदूर फासून उभा असलेला तो दगड म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या वीराचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तुझ्या दगडावर लढणाऱ्यांच्या मागे गुरं दिसतात, ती विसरू नकोस. गावची गुरं सोडवताना पडलेल्यांचे असे वीरगळ महाराष्ट्रात बरेच आहेत. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर चक्क वल्हवली जाणारी गलबतं कोरली आहेत. ती समुद्रावरची लढाई.

शेंदूर खरवडू नकोस, लोकांचा तो देव आहे. अक्षरं-आकृती उठाव्यात म्हणून खडू किंवा पीठही चोळू नकोस. सकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा जा, कोरीव काम आपोआप उठून दिसेल. उंची, रुंदी, जाडी मोज, तोंड कुठल्या दिशेला आहे ते टिपून ठेव. मग फोटो असला तरी हाताने चित्र काढ. ढाल गोल की लांबट, इथे हात अडतो आणि तिथेच पहिला खरा प्रश्न सापडतो. गावातली म्हातारी माणसं दगडाला काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिही, पण वेगळ्या पानावर. पाहिलेलं, ऐकलेलं आणि आपल्याला वाटलेलं यांची सरमिसळ होऊ देऊ नकोस. देवळाचा जीर्णोद्धार निघाला तर मात्र गप्प बसू नकोस. असे दगड भरावात जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

इतिहासाची पदवी नसताना हे जमेल का, असं विचारलं आहेस. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत शिकवत. ते सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वाचली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले. जन्मभर पुरलं त्यांना ते. तूही जुन्या कागदांची मोडी लिपी आतापासूनच शीक. वीरगळ मोडी कागदांहून जुना असला, तरी गावची इनामं आणि भांडणं त्या कागदांतच सापडतील.

सुट्टीत शेजारच्या गावांतली देवळंही बघ आणि नकाशावर खुणा करत जा. तिथेही गुरांचेच वीरगळ निघाले, तर त्या भागातली जुनी कुरणं आणि घाटवाटा आपण दोघं मिळून शोधू. चित्र झालं की पोस्टाने पाठव.

तुझा,
मामा