ॲरेचा फॉर्म्युला खाली उतरवताना

हे बघ पोरी, गाळप हंगाम सुरू झाला की गावनिहाय उसाची शीट तुझ्याकडेच येणार. बी कॉलममध्ये गाव, सीमध्ये खेपेचं वजन. डी२मध्ये हवं ते गाव आणि ई२मध्ये त्या गावची सर्वांत मोठी खेप. त्यासाठी मॅक्सच्या पोटात इफ घालतो, तो ॲरेचा फॉर्म्युला. आपल्याकडे एक्सेल २०१६ आहे, त्यात तो नुसत्या एंटरने लागू होत नाही. कंट्रोल आणि शिफ्ट धरून एंटर मारायचं, महिरपी कंस आपोआप येतात. ते हाताने टाइप केलेस तर फॉर्म्युल्याचा नुसता मजकूर होऊन बसेल.

आता ई२ कॉपी केलास आणि ई२ ते ई४० निवडून पेस्ट मारलंस, की एक्सेल अडवणार: ॲरेचा काही भाग बदलता येत नाही. लगेच फाइल बंद करायला जाऊ नकोस. एस्केप दाब, मूळ सेल वगळून ई३पासून निवड आणि मग पेस्ट कर. एकच फॉर्म्युला अनेक सेलमध्ये मिळून टाकलेला असला तरी हाच संदेश येतो. तिथे आतल्या कुठल्याही सेलवर उभी राहून कंट्रोल आणि तिरकी रेघ दाब. अख्खा ॲरे निवडला जाईल. पुसायचा तर सगळाच पुसायचा.

हे अडणं परवडतं गं. मला भीती वाटते ती न बोलता होणाऱ्या चुकीची. बी२ ते बी५०० या पल्ल्याला डॉलर लावले नाहीस, तर ई४०मध्ये तो बी४० ते बी५३८ झालेला असतो. पहिल्या ३८ खेपा हिशेबातून गेल्या, आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही! आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. म्हणून बी आणि सी दोन्ही पल्ले एफ-फोरने पक्के कर; डी२ मात्र मोकळा ठेव, नाहीतर प्रत्येक ओळीत पहिल्याच गावाचं उत्तर येईल. उतरवून झालं की सगळ्यांत खालच्या सेलवर एफ-टू दाब आणि रंगीत चौकटी कुठे पडल्यात ते डोळ्यांनी बघ. हे कधीही टाळू नकोस.

वरच्या पट्टीतून फॉर्म्युल्याचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवलास तर कंस येत नाहीत. तिथे पुन्हा तिन्ही बटणं. नुसतं एंटर मारलंस तर कधी शून्य येईल, कधी भलताच आकडा. मर्ज केलेल्या सेलमध्ये तर ॲरे चालतच नाही. आधी मर्ज काढ.

पुढे एक्सेल २०२१ किंवा ३६५ हाती आलं, तर तीन बटणांची कटकट नाही. तिथे फॉर्म्युल्याची उत्तरं एकाहून जास्त असली की ती आपणहून खाली पसरतात. वाटेत एखादा भरलेला सेल आला की #स्पिल! दिसतं. फॉर्म्युल्याला हात लावू नकोस, तो सेल रिकामा कर.